गेलेला जबडा पुन्हां घडतो कसा?

आमच्या नव्या पेठेंत दुकानें उघडण्यापूर्वींचा जो पाऊण तास असतो, तेवढ्यांतच काय ती शांतता सांपडते. त्या शांततेंत शेजारच्या वाड्यांतून गुरुजींचा पाठ ऐकूं यावा, हा आमच्या घरचा पंचवीस वर्षांचा परिपाठ होता. घरांतील मंडळी त्यावरून चहाचें आधण ठेवीत. २०२१ सालच्या वैशाखांत तो आवाज थांबला, आणि पुढें दोन वर्षें आम्हांस घड्याळाच्या गजरावर उठावें लागलें.

गुरुजींचें नांव मी देत नाहीं. हकीगत लिहिण्यास त्यांनीं अनुमति दिली आहे ती नांव गाळण्याच्या अटीवर. आणि दुसरी अट अशी कीं, 'मास्तर, मला बिचारा म्हणूं नका.' दोन्ही अटी पाळण्याचा प्रयत्न करतों.

करोनाच्या दुसऱ्या लाटेंत त्यांना ताप आला. मधुमेह जुना, त्यांत श्वास वांचविण्यासाठीं स्टेरॉइडें द्यावीं लागलीं. करोना उतरला, माणूस घरीं आला, काकूंनीं दृष्ट काढली, आणि आठव्या दिवशीं गुरुजी म्हणूं लागले कीं उजवा गाल बधिर वाटतो, वरच्या दाढा हलतात. दांतांचें दुखणें आहे असें समजून चार दिवस लवंगेच्या तेलांत गेले. हे चार दिवस फार महाग पडले. टाळूवर काळसर डाग दिसला तेव्हां मुलानें गाडी करून त्यांना पुण्यास नेलें.

लोकांनीं ज्या रोगास 'काळी बुरशी' म्हटलें तोच हा, म्युकरमायकोसिस. नांवानें थोडी फसगत होते. ती बुरशी काळी नसते. ती कुजलेल्या पालापाचोळ्यांत, मातींत, शिळ्या भाकरीवर सर्वत्र असते आणि तुमच्याआमच्या नाकांत रोज जाते. निरोगी शरीर तिला उभी करीत नाहीं. परंतु रक्तांत साखर वाढलेली आणि औषधांनीं शरीराची पहारेदारी ढिली पडलेली, अशा घरांत ती शिरते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतच मूळ धरते. वाहिनी गोठते, रक्त पोंचत नाहीं, आणि जेथें रक्त नाहीं तेथील मांस व हाड मरून काळें पडतें. काळेपणा आहे तो मेलेल्या भागाचा. नाकांतून गालाच्या पोकळींत, तेथून टाळूंत, वर डोळ्यांत आणि शेवटीं मेंदूंत, असा तिचा मार्ग. एकापासून दुसऱ्यास ती लागत नाहीं. मे २०२१ मध्यें केंद्र सरकारनें राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखालीं नोंदवावयास सांगितलें. जुलैपर्यंत देशांतील नोंद ४५ हजारांवर गेली, आणि रोग्यांच्या संख्येंत आपला महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढें होता. अँफोटेरिसिन नांवाच्या औषधाच्या कुप्यांसाठीं त्या दिवसांत शहाण्यासुरत्या माणसांनीं कशी वणवण केली, तें ज्यांनीं पाहिलें त्यांना सांगावयास नको.

परंतु औषध एकटें पुरत नाहीं. मेलेल्या हाडांत रक्तच जात नसेल तर रक्तांतून गेलेलें औषध तेथें पोंचणार कसें? म्हणून मेलेलें सर्व काढून टाकावें लागतें. गुरुजींचा डोळा वांचला, प्राण वांचले. वरचा उजवा जबडा सगळा आणि डाव्या बाजूचा पुढचा कांहीं भाग गेला.

आतां वरचा जबडा म्हणजे काय, हें आपणांपैकीं किती जणांस ठाऊक असतें? मला तरी नव्हतें. खालचा जबडा दिसतो, हलतो, त्याचा अभिमान असतो. वरच्याची कोणी दखल घेत नाहीं. वस्तुतः तीं डावी-उजवी अशीं दोन हाडें मध्यें सांधलेलीं असून चेहऱ्याचा सगळा मधला मजला त्यांच्यावर उभा असतो. डोळ्याची जमीन तीं करतात, नाकाच्या भिंती तीं करतात, तोंडाचें छत तीं करतात आणि वरचे सर्व दांत त्यांतच रोवलेले असतात. एवढें करून तीं आंतून पोकळ असतात. आमच्या सोलापूरच्या जुन्या माळवदी घराची रचना ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें चटकन् कळेल. भिंती मातीच्या, मधल्या खोल्या मोकळ्या, आणि सगळा भार तुळयांवरून ठराविक खांबांवर उतरलेला. जबड्यालाही असे खांब आहेत: एक नाकाच्या बाजूनें वर जाणारा, दुसरा गालाच्या उंचवट्यांत शिरणारा, तिसरा मागें, अक्कलदाढेच्याही पलीकडे. आपण कडक भाकरीचा तुकडा मोडतों तेव्हां तो जोर ह्या खांबांवाटे कवटींत जिरतो. खांबांची ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसाला ह्यांत आणखी एक गोष्ट दिसल्यावांचून राहात नाहीं. वर्णांचीं स्थानें म्हणून आपण मुलांकडून कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ अशीं पांच पाठ करून घेतों. त्यांपैकीं मधलीं तीनही वरच्या जबड्यावर आहेत! जीभ बिचारी उठून ज्याला स्पर्श करते तें छतच गेलें तर तिनें टेकावें कोठें? राहिले कंठ्य आणि ओष्ठ्य. तर त्यांचीही कथा तीच. 'ब' म्हणावयास ओठ मिटून तोंडांत हवा कोंडावी लागते. टाळूस भोंक असलें कीं ती हवा नाकावाटे निसटते आणि 'ब' चा 'म' होतो, 'द' चा 'न' होतो, 'ड' चा 'ण' होतो. श, ष, स ह्यांचा तर नुसता फुत्कार उरतो. म्हणजे पांचही वर्गांतील पहिले चार वर्ण मावळतात आणि पांचवा अनुनासिक तेवढा सर्वत्र राज्य करतो. पहिल्या भेटींत गुरुजी माझ्याशीं पांच मिनिटें बोलले आणि मला त्यांतील एक वाक्य कळलें. त्यांनीं पाटी मागविली व लिहिलें: 'संथा विसरलों नाहीं. उच्चार गेला.'

ज्याचा उदरनिर्वाह शुद्ध उच्चारावर, त्याच्यावर हा प्रसंग. आणि ज्यानें शेंकडों पंक्तींत आग्रहानें वाढविलें त्याला पंक्तीस बसणें अशक्य झालें; कारण घोट घेतला कीं ताक नाकांतून येई. ते स्वयंपाकघरांत भिंतीकडे तोंड करून एकटे जेवूं लागले. काकू मला म्हणाल्या, 'भावजी, जेवतांना मलाही आंत येऊं देत नाहींत.' रोगापेक्षां हें एकांतवासाचें दुःख अधिक होतें असें मला वाटतें.

टाळूचें भोंक बुजविण्याची जुनी युक्ति म्हणजे चकती, तिला डॉक्टरलोक ऑब्च्युरेटर म्हणतात. सोळाव्या शतकांत फ्रान्सच्या आंब्रोआझ पारे नांवाच्या शस्त्रवैद्यानें धातूचा पत्रा आणि त्यास बांधलेला स्पंज अशी चकती वर्णिली आहे. स्पंज फुगून भोंकांत अडकावयाचा. आज ती प्लॅस्टिकसारख्या रेझिनची करतात आणि तिलाच कृत्रिम दांत बसवितात. ही चकती टाकाऊ नव्हे. भोंक लहान असेल आणि बाजूला बळकट दांत शाबूत असतील तर कित्येक लोक तिच्यावर आयुष्य सुखानें काढतात, शिवाय तोंडांत पुन्हां कांहीं उद्भवलें तर चकती काढून वैद्यास आंत पाहतां येतें. परंतु गुरुजींचे वरचे दांत राहिले चार. तेवढ्यांच्या आधारावर मोठी जड चकती लोंबकळणार, ती बोलतांना खालीं येणार, आणि ज्या चार दांतांनीं तिला धरलें तेही हलूं लागणार. एका ठिकाणीं करविलेली पहिली चकती तर इतकी ओबडधोबड होती कीं तिनें गालाला जखम केली. दुसरी बरी निघाली. तिच्या जोरावर ते बाजारांत भाजी मागूं लागले. पाठ म्हणूं शकले नाहींत.

येथें मला आपल्याच मुलुखांतील एक जुनी हकीगत आठवते, ती सांगूं द्या. १७९२ च्या सुमाराच्या टिपूवरील स्वारींत इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक मराठा बैलवाला होता. तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानें, जो जातीनें विटा पाडणारा किंवा कुंभार होता, त्याला कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून दिलें. क्रूझो व फिंडले ह्या दोघां इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मध्यें ती चित्रासह छापली गेली. ती वाचून वीस वर्षांनीं, १८१४ मध्यें, कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें लंडनला तसेंच नाक केलें. आमच्या सुश्रुताच्या परंपरेचा हा धागा इतका प्रसिद्ध आहे कीं आपण त्यावर छाती फुगवून मोकळे होतों. मला मात्र त्यांतील एक बारीक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या पुणेरी कारागिरानें आधीं मेणाची पातळ चकती घेऊन ती कापलेल्या नाकाच्या जागीं नाकाच्या आकाराची बसविली, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली, तिच्या कडेनें रेघ मारली आणि तेवढीच कातडी उचलली. सुश्रुतानें ह्याच कामासाठीं झाडाच्या पानाचें माप सांगितलें आहे. म्हणजे आधीं ह्याच माणसाचें, ह्याच चेहऱ्याचें माप, आणि मग शस्त्र. आज जबड्यासाठीं जें केलें जातें त्याचें बीज ह्यांत आहे. मेणाची जागा संगणकानें घेतली आहे एवढेंच.

गेलेलें हाड भरून काढण्याच्या आज मुख्यतः दोन वाटा आहेत. एक हाडाच्या जागीं हाड. दुसरी हाडाच्या जागीं धातु.

पहिली वाट मीं जवळून पाहिली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बाबतींत. वय चाळिशीच्या आंत, हुशार मुलगा, गणितांत पैकीच्या पैकीं मिळविणारा. गुटख्यानें त्याला गांठलें. गुटख्यावर २०१२ पासून राज्यांत बंदी आहे. ती कशी पाळली जाते तें पानपट्टीवर उभें राहून कोणींही पाहावें. त्याच्या वरच्या जबड्यांत कर्करोग निघाला आणि मुंबईस मोठी शस्त्रक्रिया झाली. त्याच वेळीं त्याच्या पायाचें हाड घेऊन टाळू व जबडा बांधला. गुडघ्याखालीं दोन हाडें असतात. शरीराचा भार जवळजवळ सगळा जाड नडगीवर असतो आणि बाहेरचें बारीक हाड भार वाहण्यापुरतें तरी उपराच असतें. घोटा व गुडघा बळकट राहावा म्हणून दोन्ही टोकांस सहा-सात सेंटिमीटर ठेवून मधलें हाड काढतां येतें. नुसतें हाड काढून बसविलें तर मोठ्या पोकळींत तें तग धरीत नाहीं, विरघळून जातें. म्हणून त्याची धमनी व शीर सकट तें उचलतात, मधोमध कापून जबड्याच्या कमानीप्रमाणें वांकवितात आणि मानेंतील रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखालीं केसाहूनही बारीक धाग्यानें शिवतात. चिमटा सुटला आणि रक्त वाहूं लागलें कीं मेलेलें दिसणारें हाड पुन्हां गुलाबी होतें. दहाबारा तासांचें काम! हाडाबरोबर पायाची थोडी त्वचाही येते, तिनें टाळू शिवून बंद होते. आज तो मुलगा सिद्धेश्वराच्या तळ्याला रोज एक फेरी मारतो. पाय किंचित् दुखतो, चेहरा एका बाजूस थोडा बसला आहे. किरणोपचारामुळें त्याला पक्के दांत बसविण्यास वैद्यांनीं थांबविलें आहे. टाळूवर पायाची कातडी असल्यानें तेथें पहिल्या वर्षीं दोन-चार केस उगवले, तें सांगतांना तो स्वतःच हंसला.

गुरुजींनाही प्रथम हेंच सुचविलें होतें. परंतु पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी केली तेव्हां जुन्या मधुमेहानें त्या अरुंद झालेल्या आढळल्या. पायाला रक्त पुरविण्यास ज्या जेमतेम पुरतात त्यांपैकीं एक उचलून तोंडांत नेणें म्हणजे घराचा आढा काढून ओसरीस लावणें. तेव्हां दुसरी वाट.

ह्या वाटेचा पाया एका योगायोगांत आहे. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडांत रक्ताभिसरण पाहण्यासाठीं टायटेनियम धातूची लहान दुर्बिणीची नळी बसवीत. काम संपल्यावर ती महागडी नळी काढून पुन्हां वापरावी, तर ती निघेना. हाडानें तिला आपलेंसें केलें होतें. दुसऱ्यानें शिव्या घालून नळी मोडली असती. ब्रोनेमार्क विचारांत पडले. १९६५ मध्यें त्यांनीं जन्मतःच टाळू व जबड्याचा दोष असलेल्या एका गृहस्थाच्या जबड्यांत टायटेनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दांत उभे केले. २००६ मध्यें तो गृहस्थ वारला तोंपर्यंत ते त्याच्या तोंडांत होते. दंतवैद्यकानें ही गोष्ट खरी मानावयास १९८२ साल उजाडावें लागलें, त्या वर्षीं टोरोंटोच्या परिषदेंत ती सर्वमान्य झाली.

परंतु स्क्रू रोवावयास हाड हवें. गुरुजींच्या उजव्या बाजूस तें नव्हतेंच. तेव्हां वर सांगितलेले खांब आठवावे. नेहमींचा दांताचा स्क्रू सेंटिमीटरभर असतो. ब्रोनेमार्क ह्यांनींच पुढें तीन ते पांच सेंटिमीटर लांबीचे स्क्रू काढले, ते तोंडांतून निघून थेट गालाच्या हाडांत जाऊन रुततात. आणि ह्याच्याही पुढची पायरी म्हणजे त्या माणसापुरताच घडविलेला धातूचा सांगाडा. मधली भिंत पडली, खांबांचीं माथीं शाबूत आहेत. त्यांवर नवी तुळई टाकावयाची.

ही तुळई कशी करतात तें गुरुजींच्या मुलानें मला दाखविलें, कारण तो पुण्यास संगणकाच्याच कामावर आहे आणि त्याला ह्यांत बापाच्या दुखण्याइतकाच विद्येचाही रस होता. डोक्याचा सी. टी. स्कॅन मिलिमीटरहून पातळ कापांनीं घेतात. ते काप एकावर एक रचून संगणक कवटीची आकृति उभी करतो. मग डाव्या शाबूत बाजूचें आरशांतील प्रतिबिंब उजवीकडे ठेवून पाहतात, म्हणजे काय गेलें तें कळतें. त्यावर शस्त्रवैद्य आणि यंत्रज्ञ दोघे बसून ठरवितात कीं सांगाडा कोणत्या खांबाला कोठें भिडेल, तेथें हाड किती जाड आहे, स्क्रू कोणत्या दिशेनें जातील, कोणती नस वांचवावयाची, आणि दांतांसाठींचीं खुंट्यांचीं टोकें खालच्या दांतांच्या बरोबर समोर येतील कीं नाहीं. दांत कोठें हवेत तें आधीं ठरवून मग सांगाडा आंखावयाचा, हा क्रम मला फार आवडला. घर बांधतांना आपण बहुधा उलट करतों. नंतर टायटेनियमच्या मिश्रधातूची बारीक पूड यंत्रांत पसरतात, लेसरचा किरण आंखल्या जागीं ती वितळवितो, त्यावर दुसरा थर, असे शेंकडों थर. एकेक थर मिलिमीटरचा कांहीं शतांश! शेवटीं पूड झटकली कीं आंतून सांगाडा निघतो. हाडाला लागणारी बाजू खडबडीत ठेवतात, हिरडीला लागणारी घासून गुळगुळीत करतात.

शस्त्रक्रियेपूर्वीं गुरुजींच्या हातीं त्यांच्याच कवटीची प्लॅस्टिकची प्रतिकृति दिली गेली. भोंक कोठें आहे तें त्यांनीं बोटानें चांचपून पाहिलें, आणि चकती सांवरीत सावकाश म्हणाले, 'मास्तर, भर्तृहरीला वैराग्य झालें, पण हें दर्शन त्यालाही घडलें नसेल.'

घरांत मात्र वैराग्य नव्हतें. एकत्र कुटुंब, त्यामुळें सल्लाही एकत्र आणि भांडणही. थोरल्या बंधूंचें म्हणणें, आतां साठी उलटली, जीव वांचला आहे, पुन्हां सुरी कशाला? काकूंचेंही तेंच, परंतु कारण वेगळें: त्यांनीं एकदां इस्पितळाच्या दाराशीं सतरा दिवस काढले होते. मुलगा एकटा अनुकूल. खर्च कांहीं लाखांच्या घरांत. रोगाच्या मूळ उपचारासाठीं राज्य सरकारनें मे २०२१ मध्यें महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार दिला होता. हें पुढचें काम त्यांत किती बसतें तें इस्पितळांतील आरोग्यमित्रास आधीं विचारावें, गृहीत धरूं नये, असा अनुभव. गुरुजींनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि पाटीवर एकच प्रश्न लिहिला, तोही शस्त्रवैद्याला उद्देशून: 'हाडाची पूड वापरणार ती कोणाची?'

हा प्रश्न सोवळ्यापायीं आला म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. दंतवैद्यकांत लहानसहान पोकळ्या भरण्यासाठीं जी हाडाची तयार पूड मिळते ती पुष्कळदां गोवंशाच्या हाडापासून केलेली असते. सर्व सेंद्रिय भाग जाळून उरलेला तो खनिज भाग असतो हें खरें. तरी ज्याच्या तोंडांत तो जन्मभर राहावयाचा त्याला तें सांगितलें पाहिजे आणि त्यानें विचारलें पाहिजे. शस्त्रवैद्यांनीं प्रश्नाचा मान राखला. म्हणाले, 'आपल्याच कमरेच्या हाडाचा चुरा घेतां येतो, मानवी दात्याच्या हाडाची पूड अस्थिपेढींतून मिळते, आणि कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिमही असते. आपलेंच घेऊं.' मग स्वतःहून पुढें म्हणाले कीं रक्त न गोठण्याचें जें इंजेक्शन कदाचित् द्यावें लागेल, तें हेपॅरिन डुकराच्या आंतड्यापासून होतें. गुरुजींनीं क्षणभर डोळे मिटले व लिहिलें, 'तें द्या. आपद्धर्म.' एकास नकार आणि दुसऱ्यास होकार ह्यांत विसंगति आहे असें त्यांच्या पुतण्यानें मला बाहेर येऊन सांगितलें. मला ती दिसली नाहीं. जेथें दुसरा उपाय आहे तेथें निवड. जेथें नाहीं तेथें प्राण.

२०२३ च्या हिंवाळ्यांत शस्त्रक्रिया झाली. त्याआधीं बुरशी परतली नाहीं हें स्कॅननें व कापाच्या तपासणीनें पाहिलें, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ताब्यांत येईपर्यंत तारीख दिली नाहीं. सांगाडा गालाच्या हाडास आणि नाकाच्या बाजूस बारीक स्क्रूंनीं बसविला. कमरेच्या हाडाचा चुरा फटींत भरला. आणि उघड्या धातूवर हिरडी पातळ पडूं नये म्हणून गालांतील चरबीची गादी ओढून पांघरली. टाळूचें भोंक लहान झालें, पुरतें बुजलें नाहीं. खुंट्यांना जोडणाऱ्या दांडीवर अडकणारी दांतांची कवळी केली आहे, तिच्याच पाठीला टाळूचा उरलेला भाग आहे. ती रोज स्वतः काढून धुवावी लागते. पहिल्या कवळीपेक्षां फरक एवढाच, कीं ही हलत नाहीं. पण सगळें त्या एवढ्यांतच आहे.

सर्व गोड झालें असें मी लिहिणार नाहीं. वरचा ओंठ व गाल अजून बधिर आहे. चहा गरम कीं कोमट तें त्यांना जिभेनेंच कळतें. सातव्या महिन्यांत एके ठिकाणीं हिरडी मागें सरून धातूची कड उघडी पडली, पू झाला, पुन्हां एक लहान शस्त्रक्रिया झाली. असें होणें ह्या पद्धतींत दुर्मिळ नाहीं आणि तें आधीं सांगितलें गेलें होतें. धातूला हाड धरतें, मांस तितक्या प्रेमानें धरीत नाहीं. म्हणून खुंट्यांभोंवतीं रोज मऊ ब्रशानें आणि पाण्याच्या धारेनें सफाई, दर तीन महिन्यांनीं पुण्याची वारी, आणि साखरेवर पहारा, हें जन्मभराचें व्रत झालें आहे. दहा किंवा वीस वर्षांनीं असे सांगाडे कसे टिकतात, ह्याचा मोठा अनुभव अजून जमावयाचा आहे. ही पद्धति तेवढी जुनीच नाहीं. 'तीन दिवसांत पक्के दांत' अशा जाहिराती वाचून जे जातात त्यांनीं निदान एवढें विचारावें: हिरडी सरकली तर पुढें काय, सांगाडा काढावा लागला तर उरेल काय, आणि आपल्या हातून अशीं कामें किती झालीं व त्यांपैकीं बिघडलीं किती?

ज्यांच्या घरीं मधुमेही माणूस आहे त्यांच्यासाठीं आणखी दोन ओळी. करोना गेला म्हणून ही बुरशी गेली नाहीं. ती त्याच्या आधींही होती. साखर वाढलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकांतून काळसर स्राव आला, बरे असलेले वरचे दांत एकाएकीं हलूं लागले, एका डोळ्याची पापणी सुजली किंवा एकाचे दोन दिसूं लागले, तर लवंग, शेक, काढा ह्यांत एक दिवसही घालवूं नये. त्याच दिवशीं कान-नाक-घशाच्या वैद्याकडे जावें. गुरुजींच्या चार दिवसांचा हिशेब वर दिलाच आहे.

शस्त्रक्रियेनंतर उच्चार आपोआप येत नाहींत. दोन वर्षांत जीभ आपली संवय विसरलेली असते. वाचाशिक्षणासाठीं ते आठवड्यास दोनदां एका बाईंकडे जात. त्या बाईंनीं दिलेले शब्दांचे तक्ते पाहून गुरुजींनीं त्यांना सांगितलें, 'ह्यापेक्षां आमचा वर्णक्रम बरा.' बाई समंजस; त्यांनीं तोच घेतला. मग आमच्या ओसरीवर रोज सायंकाळीं क-वर्गापासून शिकवणी चाले. गुरु मी, शिष्य ते! 'ट' पहिल्यांदा नीट टेकला तो मार्गशीर्षांत, 'श' यावयास पुढचा गड्ड्याचा मेळा आला. 'ष' वर आमचा अजून वाद आहे. ते म्हणतात साधला, मी म्हणतों साधला नाहीं, आणि काकू म्हणतात कीं तो आम्हां दोघांनाही पूर्वीपासूनच येत नव्हता.

गेल्या श्रावणींच्या दिवशीं ते पंक्तीस बसले. पानाच्या कडेला कडक भाकरीचा तुकडा होता, तो त्यांनीं आमटींत भिजवून खाल्ला, कारण मोडून खाण्यास मनाई आहे. ताकाचा घोट घेतांना मात्र हात क्षणभर थबकला. शेजारचीं मुलें बोलत होतीं, कोणाचें लक्ष नव्हतें. घोट खालीं उतरला. त्यांनीं वाढप्याला आणखी ताक घालावयास सांगितलें.